तांदूळ एक, घरं अनेक: शाळेतल्या पालकांना एका पंगतीत कसं आणावं

नवी मुंबईतली शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभं राहिलं की कानावर मराठी, मल्याळम, भोजपुरी, तेलुगू, गुजराती, ओडिया सगळं येतं. घोळके मात्र भाषेनुसार पडलेले असतात. या शहराची घडणच तशी आहे. 1970 साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली, 95 गावांच्या जमिनी गेल्या, आगरी-कोळ्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर सेक्टर उभे राहिले. घाऊक बाजार तुर्भे-वाशीकडे आला तसे सातारा-सांगलीकडचे माथाडी कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावले. कारखान्यांमागे आणि नोकऱ्यांमागे देशभरातून माणसं आली. वाशी स्टेशनजवळ केरळ, आसाम, ओडिशा अशा राज्यांची स्वतःची भवनं आहेत. मुलं एका बाकावर बसतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात. त्यांचे आई-वडील मात्र दहावीपर्यंत मान हलवून हसण्यापलीकडे जात नाहीत.

ते बदलायला जेवणासारखा दुसरा मार्ग नाही असं मला मनापासून वाटतं. मात्र ते जेवण नीट आखावं लागतं. 150 ते 200 माणसांची पंगत शाळेच्या आवारात कशी घालायची, ते इथे सांगते.

राज्यवार स्टॉल नकोत

बहुतेक शाळा 'खाद्यमहोत्सव' ठरवतात आणि राज्यांची टेबलं मांडतात. फेटे, पताका, कूपनं. दिसायला छान, पण प्रत्येक कुटुंब आपल्याच माणसांबरोबर आपल्या टेबलामागे उभं राहतं. बाकीचे येतात, चव घेतात, फोटो काढतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. ओळख होत नाही. ऐरोलीत जन्मलेल्या, सुट्टीतच काय ते गावी जाणाऱ्या मुलीला 'बिहार' लिहिलेल्या टेबलामागे उभं करायचं, तेही मला बरं वाटत नाही. आणि महाराष्ट्राच्या टेबलावर पुरणपोळी आणि वडापाव येतात. ज्यांच्या जमिनीवर ही शाळा उभी आहे त्या आगरी घरांची तांदळाची भाकरी कुठेच नसते.

म्हणून राज्य सोडा आणि एक जिन्नस धरा. मी तांदूळ सुचवते. तो इथल्या मातीतला आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात त्याचं काही ना काही होतं. आगरी घरात उकडीची भाकरी, कोकणात घावन, मंगळूरकडे नीर डोसा, केरळात पुट्टू आणि पत्तिरी, तमिळ घरात इडियाप्पम, गुजरातेत खिचू, बिहारात चण्याची डाळ भरलेला पिठा, झारखंडात धुस्का, आसामात तीळपिठा, कोकणी मुसलमानांकडे सांदण, मारवाड्यांकडे खिचिया. आपले अनारसे, गढवालचा अरसा, आंध्रातले अरिसेलू आणि तमिळनाडूतला अधिरसम हे चारही भिजवलेल्या तांदळाच्या ओलसर पिठात गूळ मिसळून तळलेले. चार आज्या एका परातीभोवती बसल्या की पाच मिनिटांत पाकाच्या तारेवरून वाद सुरू होतो. तो वाद हवाच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पदार्थ घरून करून आणायचा नाही, शाळेत येऊन मिळून करायचा. माणसं खाताना जेवढी बोलतात त्याच्या कितीतरी पट एकत्र हात चालवताना बोलतात, आणि भाषा तोडकीमोडकी असली तरी चालून जाते.

सहा आठवडे आधी: माणसं जमवा

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी. मग पालक-शिक्षक संघातल्या दोघी-तिघी, एक-दोन शिक्षक, आणि नेहमीच्या पुढे पुढे करणाऱ्यांपलीकडचे चार-पाच पालक. त्यात एक तरी आगरी-कोळी घरातलं, एक तरी मराठी फारसं न बोलणारं, आणि एक तरी पाळीत काम करणारं हवं; नाहीतर सगळ्या बैठका नोकरदारांच्या सोयीने लागतात. शाळेतल्या मावशी आणि शिपाई काकांनाही पहिल्या बैठकीपासून बसवा. नळाला पाणी किती वाजता येतं, कुठल्या खोलीतला पंखा चालतो आणि कुठला प्लग तापतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

शाळा महापालिकेची किंवा अनुदानित असेल आणि तिथे पोषण आहार शिजत असेल, तर प्रधानमंत्री पोषण योजनेतल्या तिथी भोजनाबद्दल मुख्याध्यापकांशी बोला. समाजाच्या सहभागातून मुलांना खास जेवण देण्याची तरतूद त्यात आहे.

घरी काय होतं, ते विचारा

एक चिठ्ठी काढा, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. 'तुम्ही मूळचे कुठले', धर्म, जात यातलं काही विचारू नका. प्रश्न चारच: घरी तांदळाचं काय होतं? ते सगळ्यात चांगलं कोण करतं? घरातल्या कोणाला काय चालत नाही, सोसत नाही? आणि तुम्ही काय देऊ शकाल: वस्तू, भांडी, वेळ?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा आजी असतं. आजी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नसते, शाळेत कधी आलेली नसते, आणि तिला वाटतं की आपल्या पदार्थात काय एवढं. तिला फोन करून बोलवावं लागतं, शक्यतो तिची भाषा बोलणाऱ्या कोणीतरी. आजी आली की घर येतं.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं एका वहीत लिहून काढा. पुढचं सगळं नियोजन त्या वहीवर चालणार आहे.

तारीख धरताना

माझी पसंती जानेवारीला. हवा बरी असते, नवा तांदूळ आलेला असतो, आणि संक्रांत, पोंगल, माघ बिहू, लोहडी, उत्तर प्रदेशातली खिचडी हे सगळे सण त्याच दोन-तीन दिवसांत येतात. सणाचा दिवस घरच्यांसाठी सोडा आणि त्यानंतरचा शनिवार धरा.

आता कालनिर्णय उघडा. एकादशीला तांदूळ न खाणारी घरं बरीच असतात, त्यामुळे तांदळाच्या पंगतीला ती तिथी चालायचीच नाही. 2026 मध्ये संक्रांत आणि षट्‌तिला एकादशी एकाच दिवशी, 14 जानेवारीला आल्या होत्या, तेव्हा नुसता सण बघून तारीख ठरवू नका. संकष्टी टाळा. रमजान दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस आधी सरकतो, तोही बघा. जैन कुटुंबं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून कार्यक्रम सकाळी नऊ ते दुपारी एक असा ठेवा. संध्याकाळचा 'फॅमिली इव्हनिंग' प्रकार इथे कामाचा नाही.

काय चालेल, काय नाही

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

पंगत शाकाहारी ठेवा, अंडंही नको. यामागचं कारण उघडपणे सांगा: उन्हात, शाळेच्या आवारात, शंभरावर मुलांसाठी मासळी-मटण सुरक्षित ठेवणं आपल्याला झेपणार नाही. कारण सोयीचं आहे आणि सोयीचं म्हणूनच सांगायचं. निमंत्रणावर 'शुद्ध' हा शब्द नको. ज्याच्या घरी रोज मासळी शिजते त्याला तो टोचतो.

कांदा, लसूण, बटाटा, गाजर, ओलं आलं हे मुख्य स्वयंपाकातून पूर्ण काढा. वाळलेली हळद आणि सुंठ सहसा चालतात, तरी आपल्या जैन पालकांना विचारून घ्या. लसणीची चटणी, ठेचा, कांदा हे सगळं शेवटी एका वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चमच्यांसह. अनेक ठिकाणी 'जैन काउंटर' वेगळं असतं. मला ते पटत नाही, कारण मग ती दोन-चार कुटुंबं कोपऱ्यात जेवतात. मुख्य जेवणच असं करावं की सगळ्यांना एका रांगेत बसता येईल, आणि ज्याला वर तिखट-लसूण हवं त्याने उठून घ्यावं.

शेंगदाणे पूर्ण बंद. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, आणि आपल्याकडे कूट कशात असेल सांगता येत नाही. चटणीला खोबरं आणि डाळं वापरा. तीळ, काजू, दूध ज्यात असेल त्या पदार्थापुढे मोठ्या अक्षरात पाटी लावा. गव्हाचं सोसत नाही अशा मुलांसाठी तांदळाची पंगत खरं तर सुखाची, पण दोन जागी घात होतो. गिरणीत गव्हामागोमाग तांदूळ दळला की पिठात गहू येतो; आणि बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. असं मूल असेल तर तांदूळ घरी मिक्सरवर दळा आणि हिंग टाकूच नका.

आणि एक गोष्ट, जी पंगतीच्या दिवसापुरती नाही. आगरी-कोळी मुलांना घरून सांगितलेलं असतं, डब्यात सुकट-बोंबील नेऊ नकोस, मुलं नाक मुरडतात. शाळेच्या पटावर ही मुलं आहेत, त्यांच्या गावांच्या नावावर स्टेशनं आहेत, आणि त्यांच्या घरचं जेवण मात्र पिशवीत लपवायचं. शाकाहारी पंगत घालून हे सुटत नाही; उलट नीट बोललं नाही तर घट्ट होतं. म्हणून पंगतीच्या आधीच्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी डब्याबद्दल एक तास बोलावं. दुसऱ्याच्या डब्याला नाव ठेवायचं नाही, एवढा एकच नियम वर्गाने मिळून करावा. त्याच तासात एखाद्या मावशीने सुकट कशी वाळवतात, पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा तीच कशी पुरते, हे सांगितलं तर मुलं कान देऊन ऐकतात.

गट आणि पदार्थ

सहा पदार्थ पुरेत. माझी यादी: उकडीची भाकरी, घावन, पुट्टू, डाळ भरलेला पिठा, खिचू आणि गुळाची तांदळाची खीर. जोडीला सगळ्यांना चालणारी एक वाल किंवा मुगाची उसळ आणि खोबऱ्याची चटणी. तुमच्या चिठ्ठ्यांत दुसरं काही आलं तर तेच घ्या.

प्रत्येक पदार्थाला सहा-सात कुटुंबांचा गट. त्यातलं एकच कुटुंब त्या पदार्थाचं, बाकीची मुद्दाम दुसरीकडची. पुट्टूच्या गटात केरळचं एक घर, बाकी साताऱ्याचं, सिंधी, गोरखपूरचं, आगरी. ज्यांचा पदार्थ ते शिकवतील, बाकीचे करतील. शिकवणाऱ्यांनी सगळं आपणच उरकायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा, कारण आपल्या हाताला लागलेली सवय दुसऱ्याच्या हाती सोपवणं अवघड जातं.

हातातलं कसब कसं पसरतं ते पुट्टूच्या परातीशी कळतं. पिठावर मिठाचं पाणी शिंपडत चोळायचं. मुठीत दाबलं की मूठ धरली पाहिजे आणि बोटांनी चुरडलं की मोकळं सुटलं पाहिजे. हे तोंडी सांगून कळत नाही. शिकवणारी बाई समोरच्या बाईचा हात धरून तिच्या मुठीत पीठ दाबते, आणि दोघींना एकमेकींची भाषा येत नसली तरी 'आता बरोबर' हे दोघींना एकाच क्षणी समजतं. घावनाचंही तसंच. पीठ ताकाइतकं पातळ, बिडाचा तवा चांगला तापलेला, आणि कडेकडून मध्ये ओतत यायचं. तवा थंड असला तर जाळी पडत नाही. पहिले दोन चिकटणारच.

उकडीच्या भाकरीला कढत पाण्यात पीठ घालून वाफ मुरू द्यायची आणि गरम असतानाच मळायचं. मळणं मोठ्यांचं काम, थापणं मुलांना द्या.

खरेदी आणि पैसे

दर मोठ्या माणसामागे सगळ्या पदार्थांचं मिळून 100 ते 120 ग्रॅम कोरडं तांदूळ-पीठ धरा, दर मुलामागे 70-80. 150 माणसांत निम्मी मुलं असतील तर 15 किलोंत भागतं. किलोभर पिठाचे मध्यम आकाराचे वीस-पंचवीस घावन होतात. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि तो चिकटतो, म्हणून खीर नव्याची, बाकी सगळं जुन्याचं. एवढ्या मालासाठी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात जायची गरज नाही, आपल्याच भागातला दुकानदार देतो.

कूपन, तिकीट, विक्री यातलं काही ठेवू नका. पैसे आले की 'आमच्या टेबलाचे किती झाले' सुरू होतं. वस्तूंची यादी करा (नारळ, गूळ, तूप, डाळ, गॅसची शेगडी, मोठे टोप) आणि ज्याला जे जमेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून द्यावं. ज्यांना वस्तू देणं शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. कोणी काय दिलं हे ग्रुपवर टाकायचं नाही. शीतपेय किंवा वेफर्सची कंपनी प्रायोजक म्हणून आली तर नम्रपणे नाही म्हणा. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही.

सुरक्षितता

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. शिजलेला भात किंवा खीर तासन्‌तास कोमट राहिली की ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून आदल्या रात्री काहीही शिजवून आणायचं नाही. तांदूळ भिजवणं, डाळ निवडणं, खोबरं खवणं एवढंच आधी. भिजवलेली डाळ आणि खोबरं फ्रीजमध्ये. शिजलेलं गरम अन्न 60 अंशांच्या वर ठेवा, आणि आचेवरून उतरलेला पदार्थ दोन तासांत संपवा. स्वयंपाक नऊ वाजता सुरू करून पंगत साडेअकराला बसवली की हे जमतं. खीर सगळ्यात शेवटी उतरवा.

शेगड्या मोकळ्या आवारात, भिंतीकडे, एकमेकींपासून चार-पाच हात लांब. वर्गात इंडक्शन लावून तारा तापवू नका. अग्निशामक नळकांडं जवळ, आणि ते चालवता येणारा एक माणूस नेमलेला. पाचवीच्या खालच्या मुलांना आचेजवळ येऊ द्यायचं नाही. त्यांच्यासाठी पिठा भरणं, भाकरी थापणं, पाट्या रंगवणं आहेच. जुलाब-उलट्या झालेल्या किंवा हाताला जखम असलेल्या माणसाने त्या दिवशी फक्त पाहुणा व्हायचं.

पंगत

स्टेज नको, प्रमुख पाहुणे नकोत, भाषण नको. मुख्याध्यापकांनी जेवायला बसावं, तेवढा मान पुरे.

ज्या गटाने मिळून शिजवलं तो गट मिळून बसेल. तोवर त्यांच्या दोन-अडीच तास गप्पा झालेल्या असतात, म्हणून नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. सतरंज्या अंथरा, आजी-आजोबांसाठी आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी बाकं त्याच रांगेत लावा. ताट-वाटी-पेला ज्याने त्याने घरून आणायचा. कचरा जवळजवळ होतच नाही, आणि ज्यांना दुसऱ्याच्या ताटात जेवायला संकोच वाटतो त्यांचाही प्रश्न सुटतो.

वाढायचं काम सातवी-आठवीच्या मुलांना द्या. त्यांना एकच शिकवा: आधी पदार्थाचं नाव आणि त्यात काय आहे ते सांगायचं, मग 'वाढू का?' विचारायचं, आणि नको म्हटलं की पुढे जायचं. आपल्या पंगतीत आग्रहाला फार मान आहे, पण इथे आग्रह बंद. समोरच्याचा उपवास असेल, पथ्य असेल, किंवा नुसतंच नको असेल. कारण सांगायची पाळी त्याच्यावर येऊ नये. एखाद्या मुलाने फक्त भाकरी आणि उसळ खाल्ली तरी तो पंगतीत बसला, एवढं पुष्कळ झालं.

शाळेच्या मावशी आणि काका पहिल्या पंगतीला बसतील. त्या दिवशी भांडी पालक घासतील, आणि त्यात बाबा लोकांचा गट आधीच नावानिशी ठरलेला असेल. 'बघू वेळेवर' म्हटलं की ते काम शेवटी त्याच चार बायकांवर पडतं.

त्यानंतरच्या आठवड्यात

माणसांच्या ओळखी ताज्या असतात तोवर दोन कामं उरका. प्रत्येक गटातल्या मुलांनी आपल्या पदार्थाची कृती लिहून काढावी, शिकवणाऱ्या आजीच्या तोंडच्या मापांत: वाटी, मूठ, चिमूट. हाताने लिहिलेल्या त्या पानांची एक फाइल ग्रंथालयात ठेवा. नंतर आलेल्या नव्या पालकांना तीच दाखवायची.

दुसरं काम वहीचं. किती जण आले, किती किलो लागलं, काय उरलं, कुठला पदार्थ आधी संपला, कुठल्या शेगडीचा गॅस संपला, कोणाला काय सोसत नव्हतं, हे सगळं त्याच आठवड्यात लिहा आणि पुढच्या वर्षी हे काम घेणाऱ्या पालकांच्या हाती द्या. जुन्या गटातले दोघे राहतील, बाकी नवे येतील. जिन्नस बदला. डाळ घ्या, किंवा नारळ, किंवा गूळ. जूनमध्ये प्रवेश झाले की चिठ्ठ्या पुन्हा वाटायच्या, कारण तोवर पटावर नवी घरं आलेली असतात.